सांगोल्याची रायफल

१

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच सरावाला पूनमची रायफल भलत्याच आवाजात बोलली.

एअर रायफलचा आवाज तो काय, शेजारी झोपलेल्या माणसानं कूस बदलावी एवढाच. त्या सकाळी मात्र फटाक्यासारखा बार झाला, नळीतून निळसर धूर निघाला आणि छर्रा टार्गेट सोडून वरच्या फळीत रुतला. पूनमनं दुसरा छर्रा भरला, तोही वर गेला. तिसरा त्याहून वर आणि चौथा एकदम खाली. नवरात्रापर्यंत जी पोर एकाच भोकातून छर्रे ओवत होती, तिच्या टार्गेटकडे आता बघवेना.

धनलक्ष्मी चिप्पा तिच्या मागेच उभ्या होत्या. पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर घरच्यांनी त्यांना तिरुपतीला जाऊन निवांत बसायचा सल्ला दिला होता. बाई तिरुपतीला जाऊन आल्या, पण निवांत काही बसल्या नाहीत. सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या मिलचं गोदाम भाड्यानं घेऊन त्यांनी नेमबाजीचा वर्ग काढला. पोलिसात असताना चोर धाकानं बोलायचे, आता पोरं मायेनं बोलतात, दोन्हीकडे काम एकच, ऐकून घ्यायचं, असं त्या म्हणत.

त्यांनी पूनमला थांबवलं, नळी वाकवून रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि नळीला नाक लावलं. वास खमंग होता. सणाच्या दिवशी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून जिन्यात येतो तसा. रायफलला तो वास यायचं काही कारण त्यांना सुचेना.

ही रायफल कुठल्या मोठ्या कंपनीची नव्हती. सांगोल्याचे आण्णा येलपले पत्र्याच्या शेडमध्ये, एकाच लेथवर, वर्षाकाठी मोजक्याच रायफली बनवायचे, त्यांपैकी ती एक. यंत्र अगदी साधं. नळी मोडली, म्हणजे सांध्यात वाकवली, की आतली स्प्रिंग दबते. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, चामड्याचा वॉशर लावलेला दट्ट्या पुढे धावतो आणि हवेच्या धक्क्यानं छर्रा निघतो. साध्या लोखंडी साइटच्या, म्हणजे भिंगाशिवाय नेम धरायच्या गटात अशा रायफलींना अजून मान आहे. विकत घेतलेली रायफल सांभाळावी लागते, पण आण्णांची पाळावी लागते, असं पूनम म्हणायची. ती पाळायचीही तशीच. घामाचे हात लागले की पुसायची, पावसाळी हवेत तिच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, तांदळाची पुरचुंडी ठेवायची, आणि आण्णांनी दिलेल्या बाटलीतलं तेल बाहेरच्या सांध्यांना थेंबभर, तेही जिवावर आल्यासारखं लावायची.

येत्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. एरवी एक निवड हुकली तर पुढची असते, पण पूनमला पुढची नव्हती. तिचं सासर सांगोल्याजवळच्या एका वाडीवरचं, मेंढरं पाळणारं. सासरे तात्याबा यांनी मुलाकरवी निरोप दिला होता, की दिवाळीपर्यंत काय ते खेळून घ्यावं. संघात आली तर ठीक. नाही आली, तर दिवाळीनंतर मेंढरं चाऱ्याला दूर निघाली की सुनेनं कळपामागं चालायचं. तो कळप पावसाळ्याच्या तोंडालाच परत फिरतो. तोवर रायफलही गंजली असती आणि हातही.

पूनमनं रायफल मांडीवर घेतली आणि खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, हिला कुणीतरी हात लावलाय."

केसला नंबरचं कुलूप होतं आणि नंबर तिच्या एकटीच्या डोक्यात होता. नवऱ्यालाही तो ठाऊक नव्हता. रायफल कायम तिच्याबरोबर यायची-जायची, एसटीतही मांडीवर. आण्णा प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका देतात, स्क्रू फिरवला की तो तडकतो. धनलक्ष्मीबाईंनी भिंग लावून बघितलं. सगळे ठिपके शाबूत होते.

"दसऱ्याच्या सुट्टीत कुणाकडे दिली होतीस?"

"कुणाकडंच न्हाय. माझ्याबिगर कुणाच्या हातातच गेली न्हाय ती."

म्हणजे कुलूप शाबूत, स्क्रू शाबूत, हात कुणाचा लागलेला नाही, आणि रायफल मात्र बिघडलेली. धनलक्ष्मीबाईंनी नोकरीत अशा गोष्टी पाहिल्या होत्या. अशा वेळी कुणीतरी खोटं बोलत असतं, नाहीतर खरं बोलताना काहीतरी विसरत असतं.

२

पूनमचा संशय इंद्रजीतवर होता, आणि तो वर्गात सगळ्यांना कळेल एवढ्या मोठ्यानं गप्प राहून तिनं दाखवूनही दिला होता.

इंद्रजीत हा सांगोल्याच्याच एका डाळिंबवाल्या बागायतदाराचा मुलगा. त्याची रायफल परदेशी, जाकीट परदेशी, आणि नेम मात्र पूनमच्या खालोखाल. संघ मुलामुलींचा मिळून एकच, जागा चार, त्यांतल्या तीन ठरल्यासारख्याच होत्या. चौथी एक तर पूनमची, नाहीतर त्याची. दसऱ्याआधीच्या शेवटच्या सरावानंतर त्यानंच तिला गाडीतून सांगोल्यापर्यंत सोडलं होतं.

धनलक्ष्मीबाईंनी त्याला चहाला बसवलं आणि आरोप सोडून बाकी सगळं बोलल्या. डाळिंबाचा बहार, त्याच्या आईचा गुडघा, गाडीचं मायलेज. पोरगा आधी सावध होता, मग सैल झाला आणि शेवटी आपणहून म्हणाला, की लोक काय बोलतायत ते त्याला कळतं. केस त्यानं उचलली होती, गाडीच्या डिकीत ठेवण्यापुरती. त्यावरही पूनमनं त्याच्याकडे असं बघितलं, की जणू तिचं तान्हं बाळच उचललं.

"मॅडम, ती नसंल तर मी चौथा येईन, खरंय. पण ती शेजारी उभी असली की मी बरा मारतो. ती नसली की माझा नेम मलाच बघवत नाही."

हे बोलताना त्याचे कान लाल झाले. धनलक्ष्मीबाईंनी ते पाहिलं आणि चहात आणखी साखर घालून त्याला निरोप दिला. लग्न झालेल्या पोरीबद्दलची ती चांगली, निरुपद्रवी, मुकी ओढ होती. तिचा या भानगडीशी संबंध नव्हता.

मग बसवेश. हा अक्कलकोटकडचा, गोदाम झाडायचा, टार्गेटं बदलायचा आणि सगळ्यांच्या रायफली पुसून द्यायचा. पूनम एकटी त्याला आपल्या रायफलला बोट लावू द्यायची नाही, आणि त्याचा त्याला राग होता, हे तो लपवत नव्हता. शिवाय त्या सकाळी तो दारात बसून भजी खात होता. खमंग वास तिथूनच आला असेल, अशी शंका बाईंना क्षणभर आलीही.

"मॅडम, मी रागावलो तर तोंडानं रागावतो की," बसवेश म्हणाला. "रायफलवर कशाला रागावू? तिनं माझं काय केलंय?"

नवरात्राच्या शेवटच्या दिवसांत गोदाम बंद होतं, किल्ली बाईंकडेच होती, आणि तो गावाला देवीच्या यात्रेला गेला होता. त्याच्या बोलण्यात फट नव्हती. भजीही त्यानं बार झाल्यावर आणली होती, हे दोन पोरांनी सांगितलं.

रात्री जेवताना धनलक्ष्मीबाई विचार करत बसल्या. ज्याला रायफल बिघडवायची, तो साइटचा एक स्क्रू पाव फेरा फिरवेल आणि निघून जाईल. धूर, बार, वास, एवढा तमाशा कशाला करील? हे काम दुष्टाव्याचं असेल, तर दुष्ट माणूस फार अडाणी होता.

दुसऱ्या दिवशी पूनमनं आणखी पाचसहा छर्रे मारून बघितले. धूर आता नव्हता. उलट रायफल मेल्यासारखी झाली होती. छर्रा टार्गेटपर्यंत पोचायचा तोच दमून, खालच्या कडेला. पूनमनं रायफल केसमध्ये ठेवली, नंबर फिरवला आणि म्हणाली, की ती ही आण्णांना परत देऊन टाकणार आहे, कायमची.

३

"परत द्यायला ती काय भाड्याची सायकल हाय?" आण्णा म्हणाले.

धनलक्ष्मीबाई पूनमला घेऊन सांगोल्याला आण्णांच्या शेडमध्ये आल्या होत्या. आण्णा हा कोरडा, किडकिडीत माणूस. आपण बनवलेल्या प्रत्येक रायफलची चौकशी ते सासरी गेलेल्या मुलीसारखी करायचे. ही बिघडली म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, आणि मग तो पडलेला चेहरा लपवायला ते चिडले. आपल्या हातून वॉशर कच्चा गेला असेल, तर हा लेथ आजच विकतो, असंही म्हणाले.

धनलक्ष्मीबाईंच्या यादीत आण्णाही होतेच. वॉशर खरंच कच्चा निघाला असता, तर नाव जाऊ नये म्हणून माणूस खोटं बोलू शकतो. म्हणून त्या अगदी जवळ उभं राहून त्यांचे हात बघत होत्या. आण्णांनी लाल ठिपके मोडले, स्प्रिंग दाबून धरत सोडवली आणि दट्ट्या बाहेर काढला. चामड्याचा वॉशर कडेनं जळून काळा झाला होता. आणि दट्ट्याच्या अंगावर, स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर, पिवळट चिकट थर बसला होता. आण्णांनी नखानं खरवडला, तरी तो सुटेना.

"आत तेल गेलंय," ते म्हणाले. "स्प्रिंगचा दणका बसला की आतली हवा तापती. त्यात तेल आसलं की पेटतंय. म्हणून बार. उरलेलं हे असं आळतंय, मग दट्ट्या चिकटतोय. पर हे माझं तेल न्हाय. माझं तेल वर्षभर ऱ्हायलं तरी आळत न्हाय."

पूनमची तेलाची बाटली निघाली. तेल जवळजवळ भरलेलंच होतं आणि पातळ होतं.

धनलक्ष्मीबाईंनी तो पिवळा थर बोटावर घेतला आणि मग त्यांना हसू आलं. एवढी वर्षं स्वयंपाक केला आणि ओळखायला दोन दिवस लागले. त्यांच्या घरच्या तेलाच्या बुधलीला, झाकणाच्या कडेनं, हाच थर बसतो. काथ्यानं घासा, राखेनं घासा, निघत नाही. शेंगदाण्याच्या तेलाचा एवढा बसत नाही. करडईच्या तेलाचा बसतो, कारण करडईचं तेल पातळ पसरलं की हवेवर वाळतं. रायफलच्या नळीतून आलेला तो खमंग वास फोडणीचा होता.

"करडई," त्या म्हणाल्या.

आण्णांनी वास घेतला आणि मान हलवली. सोलापूर जिल्ह्यात करडईचं तेल कुणाच्या घरात नाही? त्यावरून माणूस सापडायचा नव्हता. पण आण्णा घोड्याभोवतीची कडी पुसत होते, तिथे खाचेत काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं काढलं, तर ती झेंडूची सुकलेली पाकळी होती.

आणखी एक गोष्ट बाईंच्या हाताला लागली. रायफलचा चामडी पट्टा लोण्यासारखा मऊ झाला होता, आणि त्याची उसवलेली शिवण जाड दोऱ्यानं, आखूड आणि घट्ट टाक्यांनी शिवलेली होती. त्या आण्णांना म्हणाल्या, पट्टा छान शिवलात. आण्णा म्हणाले, मी न्हाय शिवला, पोरीनं शिवला आसंल. पूनम म्हणाली, मला वाटलं आण्णांनी मागच्या खेपेला शिवून दिला.

पट्ट्याला स्वतःहून टाके पडत नाहीत.

४

शेडबाहेर लिंबाखाली धनलक्ष्मीबाईंनी पूनमला पाणी दिलं आणि विचारलं, "खंडेनवमीला रायफल कुठं होती?"

"घरी," पूनम म्हणाली.

"केसमध्ये?"

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, अवजारं देवापुढं मांडतात. कोयता, कुऱ्हाड, मेंढरांची लोकर कातरायची कातर. हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. त्या दिवशी कुठल्याच हत्याराला काम सांगत नाहीत, ती देवाजवळच असतात, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलतात.

"पूजेला ठेवली हुती की," ती म्हणाली. "पर त्ये देवापुढं, मॅडम. त्याला कुणाच्या हातात देणं म्हणत्यात व्हय?"

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी देवघरातली ती रात्र मोजण्यातच नव्हती. देवापुढं ठेवलेली वस्तू कुणाच्या ताब्यात जात नाही, ती देवाच्याच ताब्यात असते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत धनलक्ष्मीबाईंनी असा कोरा करकरीत प्रामाणिक विसर पाहिला नव्हता.

"त्या रात्री देवाजवळ कोण असतं?"

पूनम घरातली माणसं बोटांवर मोजू लागली. नवरा माउली मेंढरांच्या राखणीला होता. सासू नाही, ती लग्नाआधीच वारलेली. पूनम आत झोपली होती. देवापुढं दिवा लावून, समईत तेल घालत रात्रभर बसायचा मान घरातल्या कर्त्याचा. म्हणजे तात्याबांचा.

आणि पूनमचा चेहराच बदलला. इंद्रजीतवर संशय घेताना ती रागात होती. आता रागाला जागाच उरली नाही. तिला मेंढरांमागं न्यायचंय कुणाला, तर सासऱ्यांना. दिवाळीची अट कुणाची, तर सासऱ्यांची. दोन वर्षं झाली लग्नाला, सासरे तिच्याशी एक शब्द बोललेले नव्हते आणि ती त्यांच्याशी. त्यांच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. ते आले की ती पदर घेऊन आत जाते, नेमबाजीचं जाकीट ती गोठ्यात लपवून ठेवते, आणि काही सांगायचं असलं तर माउलीला मध्ये घालते.

"त्यांनी मला तोंडानं 'न्हाय' म्हटलं आसतं तरी मी ऐकलं आसतं," ती म्हणाली. "असं देवासमोर..."

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "राहू द्या मॅडम. घरातलं हाय. बाहेर काढू नका."

पण धनलक्ष्मीबाईंनी आण्णांना वॉशर नवा कापायला सांगितला आणि पूनमला म्हणाल्या, की चल, तुझ्या घरी चहा पाज.

५

तात्याबा अंगणात घोंगडीवर बसून कातर पुसत होते. पाहुणी बाई आलेली बघून उठले, घोंगडी झटकून त्यांनी जागा करून दिली. पूनम त्यांच्यासमोरून खालमानेनं आत गेली. आतून कपबशीचा आवाज आला, आणि मग तोही थांबला. ती दाराआड उभी आहे, हे धनलक्ष्मीबाईंनी ओळखलं.

त्यांनी रायफलचं नाव काढलं नाही. पाऊस, चारा, लांडग्यांचा त्रास. मग कातर बघायला मागितली. जुनी कातर होती, पण पाती आरशासारखी होती. ती कशी ठेवता, एवढंच त्यांनी विचारलं, आणि म्हातारा खुलला. हत्यार म्हणजे काय, कामावरून आलं की पुसायचं, उन्हात टाकायचं नाही, आणि खंडेनवमीला देवापुढं ठेवण्याआधी त्याला पोटभर तेल पाजायचं. वर्षभर ते आपलं पोट भरतं, त्या दिवशी आपण त्याचं भरायचं. उपाशी हत्यार देवापुढं ठेवलं तर देव विचारतो.

"कुठलं तेल?"

"घाण्यावरचं. करडईचं. घरात खातो त्येच. आपण खातो त्यापरीस हलकं हत्याराला कसं द्यावं?"

वास्तविक इथं तपास संपला होता. तेल, पाकळी, रात्र, माणूस, सगळं जुळलं होतं. पण माणूस सापडला म्हणजे हेतू सापडला असं नव्हे, आणि बाईंना हेतूच हवा होता. ज्याला रायफल मारायची, तो तिच्या पट्ट्याला तेल चोळत बसत नाही. तो उसवलेली शिवण बघत नाही, आणि बघितली तरी घट्ट टाक्यांनी शिवत नाही. तात्याबांच्या पायातल्या वहाणांची शिवण धनलक्ष्मीबाईंनी अंगणात शिरतानाच पाहिली होती. टाके तेच होते, आखूड आणि घट्ट.

"सुनेच्या रायफलला पण पाजलंत?"

तात्याबा थोडे लाजले. मग दाराकडे न बघता, आवाज खाली घेऊन त्यांनी सांगितलं, की रायफल आणायला आण्णाकडे माउलीबरोबर तेही गेले होते. आण्णा पोरीला समजावत होता, आत चामडं हाय, ते कोरडं पडलं की संपलं.

"मी तिकडं पाठ करून बसलो हुतो, पर कान हुतं की. चामडं मला ठावं हाय. मग नवमीला नळी मोडली, आतल्या भोकात तेल सोडलं, चांगलं पळीभर. पोरीला येळ हुतोय कवा? पहाटं उठून गोठ्यामागं सराव करती, मग भाकरी, मग एसटी. नळी कशी मोडायची, त्ये तिचं बघूनच शिकलो. मी मेंढरं सोडतो तवा दिसतंय की लांबनं."

आण्णांनी चामड्याला तेल लागतं, हे खरंच सांगितलं होतं. कुठलं आणि किती, हे सांगेपर्यंत म्हातारा संकोचानं उठून बाहेर गेला असणार. चुकीत कपटाचा कणही नव्हता. होती ती काळजी, आणि ती पळीभर जास्त झाली होती.

"छर्रं लागत्यात का आता नीट?" तात्याबांनी विचारलं. "तिचं ती काय सांगत न्हाय. माउलीबी काय बोलत न्हाय."

धनलक्ष्मीबाईंनी ठरवलं, सांगायचं नाही. वॉशर नवा बसेल, रायफल धुतली जाईल, म्हाताऱ्याला कळायची गरज नाही. त्या 'लागतात की' असं म्हणणार, एवढ्यात दार वाजलं आणि पूनम बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण पावलं थांबली नाहीत. ती थेट घोंगडीपुढं येऊन उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली.

दोन वर्षांत पहिल्यांदाच. तात्याबांनी सवयीनं मान दुसरीकडे वळवली, आणि मग हळूहळू परत आणली.

"आबा, त्या तेलानंच बिघडली ती. करडईचं तेल आत वाळतंय. वॉशर जळला."

तात्याबांनी हातातली कातर खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून धनलक्ष्मीबाईंना वाटलं, पोरीनं हे बोलायला नको होतं.

"मग आदी इचारलं का न्हाईस?" ते शेवटी म्हणाले. "मी सांगितलं आसतं, मी काय केलंय त्ये."

"बोलतुया कुटं आपण, आबा?"

म्हाताऱ्यानं कातर पुसायच्या फडक्याची घडी घातली.

"व्हय," तो म्हणाला. "त्ये बी खरंच."

मग पूनम खाली बसली, अगदी जमिनीवर, आणि मोठ्यानं रडली. इतके दिवस तिला वाटत होतं, की या घरात तिच्या रायफलकडे कुणी बघत नाही. बघणारा रोज पहाटे बघत होता आणि तिला ते ठाऊक नव्हतं, याचंच ते रडू होतं. तात्याबांना सुनेच्या डोक्यावर हात ठेवणं जमेना. त्यांनी आपल्या घोंगडीचं टोक तिच्याकडे सरकवलं.

संध्याकाळी तिघंही आण्णांच्या शेडमध्ये होते. स्प्रिंग पेट्रोलनं धुतली जात होती, आणि पूनम सासऱ्यांना सांगत होती, की आतल्या चामड्याला तेल फक्त आण्णांचं, वर्षातून एकदाच, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल एवढं. तात्याबा ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, की एवढ्याशा तेलावर कुणाचं पोट भरत नसतं. आण्णा पहिल्यांदा हसले.

६

रविवारी निवडीला तात्याबा सोलापूरला आले. फेटा, नवं धोतर, खांद्यावर घोंगडी. हॉलमध्ये एवढी शांतता असते हे त्यांना पटेना. पोरं एवढी मान मोडून उभी राहतात आणि कुणी शिट्टीही वाजवत नाही, याचं त्यांना नवल वाटलं. बसवेशनं त्यांना खुर्ची दिली, तरी ते भिंतीला टेकून खालीच बसले, पण तोंड सुनेकडे करून.

रायफल बरी झाली होती. पण आजारातून उठलेल्या माणसाला जसं नव्यानं चालावं लागतं, तसं नव्या वॉशरला रुळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मिळालेला नव्हता. पूनमचे सुरुवातीचे छर्रे खाली बसले. मग तिनं नेम सावरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. इंद्रजीत तिच्या शेजारीच उभा होता आणि त्या दिवशी त्यानं आयुष्यातला सर्वांत चांगला नेम साधला.

निकाल लागला तेव्हा चौथा इंद्रजीत होता. पाचवी पूनम. संघात चारच, पाचवा राखीव.

इंद्रजीत तिच्याजवळ आला. पूनमनं त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि मनातल्या मनात त्याची माफीही मागितली. मग ती रायफल पुसायला बसली. नळी, पट्टा, दस्ता, सगळं सावकाश, नेहमीपेक्षा जास्त वेळ. दिवाळी जवळ आली होती. अट अट असते, आणि ती बोलून दाखवणारा माणूस शब्दाचा पक्का होता, हे तिला ठाऊक होतं.

धनलक्ष्मीबाईंनाही ठाऊक होतं. एकट्या माउलीच्यानं तो कळप निभत नाही, हेही खरं होतं. म्हणून त्या म्हाताऱ्याची समजूत घालायला निघाल्या, काय बोलायचं ते मनात जुळवत. पण तात्याबाच उठून पुढे आले.

"बाई, राखीव म्हंजी काय?"

त्यांनी सांगितलं. चौघांतला कुणी आजारी पडला, कुणाचा हात दुखावला, तर त्याच्या जागी ही जाणार. नाहीतर नाही.

"आन त्ये कवा कळतंय?"

"ऐन वेळी."

"म्हंजी तोवर हिनं रोज तयारच ऱ्हायला पायजे."

"हो," बाई म्हणाल्या. "रोज."

तात्याबांनी फेटा जरा वर सरकवला आणि डोकं खाजवलं. मग ते पूनमकडे वळले, मध्ये कुणाला न घालता.

"मग तू मेंढरामागं येऊन कसं चालंल?" ते म्हणाले. "म्या आन माउली बघतो. एक गडी लावू. माझ्या कळपातबी एक मेंढा राखीव आसतो, पूनम. त्याला काय मी चारा कमी घालतो व्हय?"

पूनम रायफल केसमध्ये ठेवून उभी राहिली. डोक्यावर घ्यायला पदर नव्हता, अंगात जाड जाकीट होतं, आणि तिनं त्याच्या बाहीनं डोळे पुसले. तात्याबा तोवर केस उचलून दाराकडे चालूही लागले होते, आणि एसटी चुकेल म्हणून तिला हाक मारत होते.